बासष्ट किलो

“डिझेल जळतं, म्हणजे वजन कमी व्हायला हवं,” मार्ग आखणारी केतकी फोनवर म्हणाली. “तुमचं वाढतं कसं, अण्णा?”

“ते तुम्ही शिकलेल्या लोकांनी सांगायचं.”

शिदूअण्णांचा ट्रक सांगलीच्या वजनकाट्यावर मर्यादेत असायचा. घाट उतरून राज्याच्या सीमेवर पोचला, की बासष्ट किलो जास्त भरायचा. दोनदा दंड झाला होता. तिसऱ्यांदा झाला, तर मालक अण्णांना घरी बसवणार होते. केतकीने दोन्ही काटे तपासून घेतले, अचूक होते.

या खेपेला तिने घाट टाळून लांबचा मार्ग आखला. दुपारी सीमेवरून पावती आली. वजन बरोबर होतं.

“सुटलात, अण्णा.”

पलीकडे अण्णांनी इंजिन बंद केलं.

“मॅडम, मकबूल घाटात वाट बघत असेल.”

मकबूल त्यांचा जोडीदार ड्रायव्हर, वर्षापूर्वी त्याच घाटात अपघातात गेलेला. केतकीने त्याची फाइल काढली. वैद्यकीय दाखल्यावर वजन होतं: बासष्ट किलो.

पुढच्या खेपेला तिने घाटाचाच मार्ग आखला, माल बासष्ट किलो कमी भरला आणि चालकांच्या रकान्यात दोन नावं लिहिली.