बुटकी गाडी

क्लच गेला तो नेमका पुलाच्या चढावर. मुलाने गाडी कशीबशी कडेला घेतली, आईला हात देऊन बाहेर काढलं आणि फोन कानाला लावला.

आईला बाहेर काढणं हे एक कामच होतं. स्प्रिंगा बदलून त्याने गाडी इतकी खाली बसवली होती की बंपर आणि रस्ता यांच्यात जेमतेम मूठ मावावी. “विहिरीतून वर आल्यासारखं वाटतं बाबा,” असं आई एरवी म्हणायची. आज ती नुसती पर्स छातीशी धरून, कठड्याला टेकून उन्हात उभी राहिली.

मावशीचं आता काही खरं नाही, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या, असं डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं होतं. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. आई नोकरीवर जायची तेव्हा ह्याला तिनेच सांभाळलेलं. लाडावून ठेवलेलंही तिनेच.

“सपाट ट्रक पाठवा,” तो हेल्पलाइनवरच्या बाईंना सांगत होता. “हुकवाला नको. गाडी खाली आहे.”

“खाली म्हणजे कुठे पडलीय का सर?”

“पडली नाहीये. उंची कमी आहे तिची.”

“बरं सर. नोंद केलीय.”

आला तो हुकवालाच. त्याचा ड्रायव्हर उतरला, वाकून बघितलं, मग रस्त्यावर पालथा पडून बघितलं आणि शर्ट झटकत उठला.

“हिच्याखाली मांजर जायचं नाही साहेब. मी हुक कुठून घालू? जबरदस्तीने उचलली तर नुसता बंपर वर येईल.”

“अहो, मी सपाट ट्रक सांगितला होता.”

“मला गाडी उचला एवढंच सांगितलं.”

मुलाने पुन्हा फोन लावला. पुन्हा तेच संगीत, पुन्हा एक दाबा, दोन दाबा. ह्या वेळी दुसऱ्याच बाई होत्या. त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. बोलता बोलता त्याचा आवाज चढत गेला, तसतसा त्यांचा आणखी गोड होत गेला.

पुलावर टॅक्सी थांबत नव्हती. आई दोनदा हात करून आली होती. आता ती ट्रकवाल्याजवळ गेली.

“तुम्ही आता रिकामेच परत जाणार?”

“हो काकू.”

“मोठ्या हॉस्पिटलवरून?”

“दारावरूनच जातो.”

“मग मला सोडा तिथे.”

“आई, थांब ना जरा,” मुलगा फोनवर हात ठेवून म्हणाला. “दुसरा ट्रक येतोच आहे.”

“तो येईल तेव्हा येईल. ताईला तसं सांगता येतं का?”

ट्रकची पायरी तिच्या कमरेपर्यंत येत होती. ड्रायव्हरने खाली एक लाकडी ठोकळा ठेवला आणि मुलाकडे वळून म्हणाला, “तुम्हीपण चला साहेब. तिघं मावतो आपण. गाडी काही पळून जात नाही.”

मुलाने गाडीकडे पाहिलं. “इथे सोडली तर वाहतूकवाले फरफटत नेतील. वाट लागेल तिची. आई, तू हो पुढे. मी मागोमाग आलोच.”

आईने पर्स खांद्याला अडकवली. “ये,” एवढंच म्हणाली.

तो तिला हात द्यायला पुढे झाला, तेवढ्यात फोनवर बाई परत बोलायला लागल्या. तो तसाच वळला. ड्रायव्हरनेच तिला कोपराला धरून वर चढवलं.

मग नुसतं ऊन आणि हॉर्न. कुणी काच खाली करून, “काय राव, चाकं लावायची राहिली का?” असं विचारून हसत निघून गेलं. हेल्पलाइन म्हणत होती, ट्रक वाटेत आहे. मग म्हणाली, चुकून दुसऱ्या पुलावर गेलाय. मग पुन्हा म्हणाली, वाटेत आहे. त्याने कठड्यावर लाथ मारली. बूट त्याचाच फाटला.

शेवटी सपाट ट्रक आला, तर त्याची गाडी चढवायची घसरगुंडी फारच उभी. गाडीचं नाक तिच्यावर आपटायला लागलं. ट्रकबरोबरच्या दोघांनी फळ्या काढल्या, चाकांखाली सरकवल्या आणि तारेने गाडी हळूहळू वर ओढायला घेतली. मुलगा रस्त्यावर आडवा झाला. तापलेल्या डांबराला गाल लावून तो बंपरखालून बघत होता.

“थांबा. अजून एक फळी. हं, आता घ्या. बोटभरच.”

खिशात फोन वाजला. त्याने नजर हलवली नाही. वाजून थांबला आणि लगेच पुन्हा वाजायला लागला.

“घ्या, घ्या. थोडंच राहिलंय.”

गाडी चढली. दोघांनी चारी चाकं पट्ट्यांनी आवळली. “एकदा बघून घ्या,” त्यातला एक म्हणाला. “मागाहून तक्रार नको.” मुलगा ट्रकवर चढला, गाडीभोवती फिरला, बंपरच्या खालून हात फिरवून पाहिला. कुठेही ओरखडा नव्हता. सकाळपासून पहिल्यांदा त्याला मोकळा श्वास घेता आला. मग त्याने फोन काढला.

“आई, झालं एकदाचं. चढली गाडी. आता ह्यांच्याच ट्रकमधून येतो, मला आधी तिकडेच सोडायला सांगतो. मावशी कशी आहे?”

पलीकडे कुणाची तरी पावलं वाजत गेली. आईने ती जाऊ दिली.

“मी आले तेव्हा शुद्धीवर होती. तुलाच विचारलं तिने. मी म्हटलं, येतोय, गाडीचं बघतोय.”

“मग?”

“मग थांबली थोडा वेळ,” आई म्हणाली.