शेवटची दहा पानं

"म्हणजे तुम्हीसुद्धा त्यातल्याच," दातांचे डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी पोस्टातल्या बाईंच्या गालात कापसाची आणखी एक वळकटी कोंबली.

बाईंच्या मांडीवर पुस्तक होतं. कादंबरीमालेचा सहावा, शेवटचा भाग. आधीचे पाच त्यांनी चार वर्षांत संपवले होते, तिकिटांच्या खिडकीआड, दुपारच्या डब्यासोबत. हा आज सकाळीच हाती आला होता. अजून पहिलं पानही उलटलं नव्हतं.

"या वयात बोलणाऱ्या घारी वाचायच्या?" डॉक्टरांनी दिवा खाली ओढला. "मला वाचनाचं वावडं नाही हं. मीही वाचतो. पण सायन्स फिक्शन. त्यात विज्ञान असतं, डोकं लागतं त्याला. तुमच्या यात काय, तर एक म्हातारी नावाडीण, तिची घार आणि धुक्याचं राज्य. मंत्र म्हटला की झालं काम. आ करा. अजून."

बाईंनी आ केला. अर्धा जबडा बधिर होता आणि ओठ दुसऱ्या कुणाचा असावा तसा लोंबत होता. उत्तरं मात्र जिभेच्या मुळाशी रांग लावून उभी होती. धुक्यात मंत्र चालत नाहीत, हे दुसऱ्या भागाच्या पहिल्याच प्रकरणात स्वच्छ सांगितलंय. पण सांगणार कसं?

"मागच्या आठवड्यात तुम्ही ते यानाचं सांगत होता," मावशी म्हणाल्या. मावशी म्हणजे डॉक्टरांच्या मदतनीस. अठरा वर्षं त्याच स्टुलावर बसून लोकांच्या तोंडातली थुंकी नळीने ओढत आलेल्या. "चारशे पानं एकटा माणूस यानात. त्याचे कपडे कोण धुतं, ते कळलं का शेवटी?"

"तो मुद्दा नाहीये, मावशी."

"नाही, मी आपलं विचारलं. विज्ञान असतं ना त्यात."

ड्रिल सुरू झालं तेवढा वेळ शांतता होती, म्हणजे माणसांची. ते थांबल्याबरोबर डॉक्टरांनी धागा उचलला.

"माझी एक पद्धत आहे. असली पुस्तकं मी दुकानात उभ्याउभ्या वाचतो. शेवटची दहा पानं. बास. शितावरून भाताची परीक्षा. हा भागही चाळलाय मी. तुमचाही वेळ वाचवतो."

बाईंच्या घशातून आवाज निघाला. डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, दुखलं तर डावा हात वर करा. त्यांनी डावा हात वर केला. मग उजवाही केला.

"दुखत नाहीये हो, भास असतो तो. तर ही तुमची नावाडीण. सहा भाग लोक जीव मुठीत धरून बसलेत, परत येते का नाही येते. नाही येत. बुडते. घार येऊन काठावरच्या लोकांना सांगते आणि सगळे रडतात. संपलं. एवढ्यासाठी तीन हजार पानं."

बाईंचे हात खाली आले. डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी निघालं आणि कानाकडे गेलं. डॉक्टरांनी ते कापसाने टिपलं, दातांवरचं पाणी टिपावं तसं.

मावशींनी ते पाहिलं. नळी या हातातून त्या हातात घेतली.

"घार सांगते म्हणालात ना?"

"हो."

"मग खोटं आहे ते, डॉक्टर. घार फितूर झालेली असते."

"काय?"

"तीनशेव्या पानाच्या आसपास येतं. तिथून पुढे घार जे बोलेल ते उलटं धरायचं. सगळा शेवट त्याच्यावर तर आहे. तुम्ही दहाच पानं वाचली, तुम्हाला म्हातारी बुडालीच वाटणार. सरळ वाचत आलेल्याला बरोबर कळतं."

डॉक्टरांच्या हातातलं हत्यार बाईंच्या तोंडावर अधांतरी राहिलं. "पण तसं स्पष्ट लिहिलेलं नव्हतं कुठे."

"स्पष्ट कसं लिहितील? डोकं लागतं त्याला. सिमेंट कालवू?"

त्यानंतर डॉक्टर फक्त "चावा" आणि "सोडा" एवढंच बोलले.

बाहेरच्या टेबलाशी मावशी कार्डावर पुढची तारीख लिहीत होत्या. बाईंनी पुस्तक छातीशी धरलं होतं. ओठ साथ देत नव्हता तरी त्यांनी विचारलंच.

"घार... कधीफासून फितूर?"

मावशींनी आतल्या दाराकडे एकदा बघून घेतलं. "मला काय ठाऊक? यातलं एक पान वाचलेलं नाही मी. म्हातारी काय, घार काय, सगळं आत्ता त्यांच्याच तोंडून ऐकलं." त्यांनी कार्ड पुढे सरकवलं. "बुडते का तरते, ते आता तुमचं तुम्ही बघा. दोन तास काही खाऊ नका, गाल चावला जाईल."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. तेवढ्यात दार उघडलं आणि डॉक्टर बाहेर आले, मास्क हनुवटीखाली ओढलेला.

"बाई, ते पान... तीनशे कितवं? द्या जरा. उभ्याउभ्या बघून देतो." त्यांनी हात पुढे केला.

बाईंनी पुस्तक पिशवीत घातलं, चेन शेवटपर्यंत ओढली आणि मगच मान वर केली.

"फहिल्या भागाफासून वाचा," त्या म्हणाल्या आणि जिना उतरू लागल्या.

डॉक्टरांचा हात तसाच पुढे राहिला, हातमोज्यासकट. बाकावर नंबराची वाट बघत बसलेल्या म्हाताऱ्याने त्या हाताकडे पाहिलं आणि आपसूक आ केला.