नोंदवलेला आवाज

अकोल्यात गौरक्षण रोडवरच्या आपल्या फ्लॅटमध्ये रविवारी दुपारी उज्ज्वला दोन नवे स्मार्ट स्पीकर वायफायला जोडत होती. एक तिनं हॉलमध्ये टीव्हीजवळ ठेवला, दुसरा स्वयंपाकघरात. नवरा संघपाल कूलरसमोर बसून पाहत होता.

आवाज ओळखता यावा म्हणून स्पीकरनं सांगितलेलं वाक्य संघपालनं म्हटलं, आणि त्याचा आवाज लगेच नोंदवला गेला. मग तेच वाक्य उज्ज्वलानं म्हटलं.

"हा आवाज नोंदवता येणार नाही," हॉलमधला स्पीकर म्हणाला. "उज्ज्वलाचा आवाज आधीच नोंदवलेला आहे."

"आताच तं खोका उघडला," ती म्हणाली. "कोनं नोंदवला?"

तिनं दोन्ही स्पीकर रिसेट केले, वायफायचा पासवर्ड बदलला, सगळं पहिल्यापासून जोडलं. उत्तर तेच आलं. शेवटी ती चिडून ओरडली, "अरे, मीच उज्ज्वला आहो!"

तेव्हा स्वयंपाकघरातल्या स्पीकरमधून तिचाच आवाज आला. "अहो, हॉलमध्ये कोन बाई ओरडून राहिली? काढा तिले बाहेर."

उज्ज्वलाला हसू फुटलं. संघपाल मात्र हसला नाही. त्यानं उठून कूलर बंद केला आणि कान देऊन ऐकू लागला.

"मले भेव वाटून राहिलं हो," स्वयंपाकघरातला आवाज रडवेला झाला. "लवकर काढा ना तिले."

"आलोच मी, तू भिऊ नको," संघपाल तिकडे पाहून म्हणाला. मग त्यानं उज्ज्वलाचा दंड घट्ट धरला आणि तिला ओढत दारापाशी नेलं.

"अहो, काय करून राहिले?" ती किंचाळली.

त्यानं तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं.

"तुमी कोन होय बाई?" त्यानं विचारलं. "आमच्या घरात काहून शिरल्या?"