पहिल्या घासाचा मान

मनीने तिसऱ्या पिल्लालाही पंजाने दूर लोटले आणि ती धान्याच्या कणगीवर चढून बसली. पिल्लांना दात फुटले होते. ते आता तिच्या आचळांना टोचत होते. खाली तिन्ही पिल्ले ओरडत राहिली.

"ओरडू दे," जनकाबाई सुनेला म्हणाल्या. "मायनं हाकललं म्हंजे अन्नाची वेळ झाली."

त्यांनी ज्वारीची भाकरी दुधात कुस्करली, त्यात बोट बुडवले आणि एका पिल्लाच्या तोंडाला लावले. पिल्लू शिंकले. मान झटकून त्याने सारे बाहेर उडवले. जनकाबाई हसल्या. रोहिणखेडातील त्यांच्या या घरात आजवर पन्नासएक पिल्ले त्यांच्याच बोटावरून अन्नाला लागली होती.

"माणसाचं असो का मांजराचं, पह्यला घास कोनी गिळत नाही. चार दिवस थुकते. मंग जीभ शिकते."

सून सुभद्रा सात महिन्यांच्या लेकाला मांडीवर घेऊन बसली होती. "बरं हाय, आत्याबाई," ती हळूच म्हणाली. "मांजराच्या पिल्लाले मामा लागत नाही."

टोमणा वर्मी बसला. सहाव्या महिन्यात अन्नप्राशन करावे असे शास्त्र सांगते, आणि पहिला घास मामाच्याच हातचा, हे या घरचे वळण होते. त्याआधी कणभर अन्नही मुलाच्या ओठाला लागू द्यायचे नाही. परंतु मामा, सुभद्राचा भाऊ, वडनेर भोलजीचा भाऊराव, बारशाच्या दिवशी न जेवता निघून गेला होता. मानाचा पहिला फेटा त्याचा. जनकाबाईंनी तो स्वतःच्या जावयाला देवविला होता. चूक त्यांना त्याच क्षणी उमगली होती. पण मुलाकडच्यांनी मुलीकडच्यांपुढे नमते घ्यावे, हे त्यांच्या कुळात घडले नव्हते. निरोप गेला नाही. मामा आला नाही. जनकाबाईंचा मुलगा निवृत्ती या दोघी बायकांच्या मध्ये पडत नसे.

त्यातच हिवतापाने सुभद्राचे दूध आटले. मूल बकरीच्या दुधावर राहिले. आणि नवल असे की ते छान बाळसे धरू लागले. त्याच्या गालांकडे बोट दाखवून जनकाबाई शेजारणींना सांगत, "बकरी मी स्वतः निवडली."

चार दिवस त्या कुस्करा घेऊन पिल्लांपुढे वाकत राहिल्या. गुडघे दुखत होते, तरी वाकल्या. प्रत्येक वेळी बोट थोडे थोडे खाली नेत त्यांनी ते शेवटी मातीच्या वाटीत टेकवले. चौथ्या सकाळी धाकट्या पिल्लाने बोट सोडले आणि ते वाटीतले आपले आपण चाटू लागले. जनकाबाई कृतार्थ होऊन पाहत राहिल्या. मग त्यांचा चेहरा गंभीर झाला. मांजराच्या पिल्लांसाठी त्या चार दिवस वाकल्या होत्या. नातवासाठी एकदाही वाकल्या नव्हत्या.

त्यांनी पेटीतून नवा कोशाचा रेशमी फेटा काढला. महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष लोटले होते, गावाला एस.टी. येऊ लागली होती. तिच्यातून त्या एकट्याच नांदुऱ्याला गेल्या आणि पुढे बैलगाडीने वडनेरला. भाऊरावाच्या ओसरीवर त्यांनी पाणीदेखील घेतले नाही. फेटा त्याच्या हातात ठेवला.

"मान तुमचा होता, भाऊराव. मी चुकली."

भाऊरावाने फेटा कपाळाला लावला आणि पाट मांडला. "पह्यले जेवा," तो म्हणाला. "तुमच्या घरून मी उपाशी आलतो. कसं लागते, मले ठाऊक हाय."

शुक्रवारी उष्टावण ठरले. आळीतल्या बायका जमल्या. नवा फेटा बांधून भाऊराव पाटावर बसला आणि भाच्याला त्याने मांडीवर घेतले. जनकाबाई पदर पसरून शेजारी बसल्या. मूल थुंकणार, ते पुसावे लागणार, हे त्यांना पक्के ठाऊक होते. भाऊरावाने सोन्याची अंगठी खिरीत बुडवून मुलाच्या ओठांना लावली. मग खिरीतला चिमूटभर भात तोंडात घातला.

मुलाने तो गिळला.

त्याने पुन्हा तोंड उघडले. दुसरा घास गिळला, तिसराही. चौथ्याला उशीर होताच त्याने मामाचे मनगट धरून वाटी आपल्याकडे ओढली. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या.

"जनकाबाई," शेजारची पंचफुला म्हणाली, "हे लेकरू पह्यल्यांदाच खाऊन राह्यलं ना?"

जनकाबाईंनी सुनेकडे पाहिले. सुभद्राची मान खाली होती. चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. रोज दुपारी आपण शेतावरून परतलो की स्वयंपाकघराचे दार आतून लागलेले का असे, हे त्यांना आता कळले. मुलाच्या गालांवरचे बाळसे बकरीचे नव्हते. एक शब्द बाहेर पडला असता, तर भाऊरावाचा फेटा साऱ्या आळीदेखत पुन्हा उतरला असता, आणि सुनेला या गावात मान वर करता आली नसती.

जनकाबाईंनी पसरलेला पदर आवरून खांद्यावर घेतला. भाऊरावाच्या वाटीत आणखी एक पळी खीर ओतली.

"मामाच्या हाताची गोडी हाय ते, पंचफुला," त्या म्हणाल्या. "आमच्या लेकराले बराबर समजली."