पिल्लाची वाटी

"आठ दिवस पिंजऱ्याकडं फिरकू नका, मंदाताई," डॉक्टर म्हणाले. "त्याला तुमची सवय लागलीय. वाटीतून प्यायला शिकू दे."

उसात सापडलेल्या बिबट्याच्या त्या पिल्लाला महापालिकेच्या प्राणिसंग्रहालयात मंदानंच मांडीवर घेऊन बाटलीनं वाढवलं होतं. स्वतःची सात महिन्यांची लेक सासूबाईंकडं ठेवून. आता हरणांना चारा टाकताना ती त्याचं ओरडणं ऐकायची आणि हातातली पेंढी घट्ट धरून उभी राहायची.

तिसऱ्या दिवशी ओरडणं थांबलं.

"शिकलं बघा," डॉक्टर लांबूनच म्हणाले.

मंदाला राहवलं नाही. पिंजऱ्यातली वाटी काठोकाठ भरलेली होती, दुधावर मुंग्या तरंगत होत्या. कोपऱ्यातलं पिल्लू तिच्या वासानंही उठलं नाही. तिनं त्याला मांडीवर घेतलं, बाटली तोंडाला लावली. दूध ओठांच्या कडेनं तिच्या पदरावर ओघळलं.

दुपारपर्यंत पिल्लू गेलं.

संध्याकाळी ती घरी आली, तेव्हा लेक पाळण्यात छताकडं बघत गप्प पडली होती.

"आज तू गेल्यावर पोरगी अजिबात रडली नाही गं," सासूबाई कौतुकानं म्हणाल्या. "शहाणी झाली."