आठही सिलिंडर

"नको लावूस," नॅडीन म्हणाली. "वॉरंटी हातची जाईल."

रॉइस वाव्राने बायकोचं बोलणं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पिकअपचं दार उघडं टाकून तो गुडघ्यांवर बसला होता, डोकं स्टिअरिंगच्या खाली. काड्यापेटीएवढा खोका त्याने चाचपत खाचेत दाबला. टक् असा आवाज झाला. आता इंजिनाचे आठही सिलिंडर कायम चालणार होते.

कंपनीने पेट्रोल वाचवायची युक्ती केली होती. रस्ता सपाट असला आणि मागे ओझं नसलं की इंजिन आपणहून चार सिलिंडर झोपवायचं. चढ आला की उठवायचं. समोरच्या पडद्यावर आठाचे चार व्हायचे, चाराचे आठ. रॉइसला ते पहिल्या दिवसापासून खटकत होतं. कामाला आठ गडी ठेवायचे आणि चार सावलीत लोळणार, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. नॅडीनचा भाऊ गेलन आगीत तेल ओतायला होताच. या झोपण्या-उठण्यापायीच त्याच्या गाडीचं इंजिन भर रस्त्यात खलास झालं होतं. हा खोका त्यानेच आणून दिला होता.

पण रॉइसची तक्रार वेगळी होती. वसंतापासून त्याला स्टिअरिंगमध्ये थरथर लागत होती. गुरांचा ट्रेलर जोडून, चाक घट्ट धरून टेकडी चढताना काही नाही. रिकाम्या गाडीने सपाट रस्त्याला लागलं, उजवा हात चाकावर नुसता टेकवला, की सुरू. बारीक, एका लयीत. आणि पडद्यावर बघावं तर चार. आणखी काय पुरावा हवा होता?

शोरूमच्या मेकॅनिकने गाडी फिरवून आणली आणि सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. नॅडीनने ती चर्चला नेली, परत आणली. तिलाही काही लागलं नाही. तुला भूकंपातही घोरता येईल, असं रॉइस तिला म्हणाला. मेकॅनिकवर मात्र तो मनापासून चिडला. अडलेल्या गाईच्या पोटात हात घालून, नुसत्या बोटांनी चाचपून, आडवं वासरू सरळ करणारा माणूस तो. आसपासच्या रँचवरून जनावरांच्या डॉक्टरच्या आधी त्याला बोलावणं यायचं. त्या हातांना काय कळतं नि काय नाही, हे कालच्या पोराने सांगावं?

दोघं नॉर्थ प्लॅट गावच्या गुरांच्या लिलावाला निघाली. आज विकायला काही न्यायचं नव्हतं, नुसते भाव बघायचे होते. ट्रेलर घरीच राहिला. दोन्ही बाजूंना गवताच्या टेकड्या, मधे सरळसोट रस्ता. पडद्यावरचा आठ हलायचं नाव घेत नव्हता. रॉइस खुशीत होता. इंजिनाचा आवाज कसा भरदार झालाय, असं त्याने दोनदा सांगितलं. नॅडीन बरं म्हणाली.

आणि थरथर आली.

आधी त्याला वाटलं, रस्ता खराब आहे. त्याने वेग वाढवला, मग कमी केला. थरथर तशीच. पडद्यावर आठ. त्याने नॅडीनला चाकावर हात ठेवायला सांगितलं. तिने ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि मला काही लागत नाही असं हळूच म्हणाली. ती चाकाकडे बघतच नव्हती.

रॉइसचं डोकं फिरलं. गेलनने कसलं भंगार गळ्यात मारलंय, हे आत्ताच्या आत्ता उपटून फेकतो, असं बडबडत त्याने गाडी कुंपणाच्या कडेला घेतली. इंजिन बंद केलं. किल्ली काढली. पण खाली वाकायचं तो विसरला. थकल्यासारखा तसाच बसून राहिला. उजवा हात मांडीवर, बोटात किल्ल्यांचा जुडगा.

गाडीत शांतता झाली. त्या शांततेत काहीतरी किणकिणत होतं.

रॉइसने कान टवकारले. खोका ढिला झाला असावा असं त्याला वाटलं. त्याने डॅशबोर्डला डाव्या हाताने थापटून पाहिलं.

"कसला आवाज आहे हा?"

"गाडीचा नाही, रॉइस."

तिची नजर होती तिकडे त्याने पाहिलं. बोटातल्या किल्ल्या हलत होत्या. बारीक, एका लयीत. तो हलवत नव्हता. दुसऱ्या कुणाचा हात आपल्या मांडीवर ठेवलेला असावा, तसा तो त्याच्याकडे बघत राहिला.

"एप्रिलपासून बघतेय मी," नॅडीन म्हणाली. "जेवून झाल्यावर बसतोस तेव्हा. टीव्हीसमोर. मला वाटलं तुला माहीत आहे, आणि सांगायचं नाही म्हणून तू गाडीला नावं ठेवतोयस."

समोरून गुरांनी भरलेला ट्रक आला, वाऱ्याचा झोत मारून गेला, पिकअप हलली आणि स्थिर झाली. रॉइसने मूठ आवळली, टेकडी चढताना चाक आवळावं तशी. किणकिण थांबली. त्याने श्वास घेतला, वाट पाहिली, आणि बोटं अगदी सावकाश सैल केली.

किल्ल्या वाजू लागल्या.