भिंतीने लपवलेली ओल

रोज सकाळी हेमांगी भिंतीला विचारायची, "कुठे ओल आहे का?" भिंतीतले संवेदक नळाची बारीकशी गळतीही ओळखत. "सगळं कोरडं आहे," भिंत सांगायची.

आज स्वयंपाकघराच्या छताचा गिलावा कोसळला. आई थोडक्यात वाचली.

"गळती कधीपासून होती?" हेमांगीने भिंतीला विचारलं.

"पावसाळ्यापासून. वरच्या मजल्यावरच्या श्रीरंगदादांनी तुम्हाला सांगू नको म्हटलं होतं. घर राहण्याजोगं उरलं नाही की तुम्ही विकायला तयार व्हाल, म्हणाले. घराचे मालक तेही आहेत."

तेवढ्यात श्रीरंग बादली घेऊन धावत आला. "अगं, कुणाला लागलं नाही ना?"

आईच्या केसांतला चुना झटकत हेमांगी म्हणाली, "आई इथे चहा करत होती, दादा."

तिने त्याच्या हातातली बादली घेतली आणि दार लावलं.